रायफलीत मुंग्या

१० जुलै, गुरुवार

आज चातुर्मास बसला. निपाणीत बऱ्याच वर्षांनी मुनिमहाराज चार महिने राहणार, त्यामुळे गल्लीत लगीनघाई उडालीय. आईनं उद्यापासून चौका, म्हणजे महाराजांसाठी शुद्धीचं स्वयंपाकघर, लावणार असं जाहीर केलं. जाहीरच केलं, विचारलं नाही.

संध्याकाळी बेळगावहून नागेंद्रअण्णाचा फोन आलता, रविवारी नेमबाजीच्या रेंजवर येणार का म्हणून. तो फौजेतला निवृत्त हवालदार, आमच्या जैनांतलं त्याला काही ठाऊक नाही. त्याला समजावून सांगताना घाम फुटला. म्हटलं, आमचे महाराज दिवसातनं एकदाच आहार घेतात, सकाळी दहाच्या सुमारास, उभ्यानं, ओंजळीत. बस्तीतनं, म्हणजे आमच्या देवळातनं, निघताना मनात एक खूण धरून निघतात, तिला विधी म्हणायचं. ती खूण ज्या दारात दिसेल तिथं थांबायचं, नाही दिसली तर उपाशी परत. खूण काय ते कुणालाच सांगत नाहीत. म्हणून प्रत्येक घरानं शुद्धीचा स्वयंपाक करून, हातात कलश-नारळ घेऊन दारात उभं राहायचं. नागेंद्र म्हणाला, "म्हंजे टार्गेट कुठंय ते न सांगता फायर करा म्हणायचं!" अगदीच चूक नाही.

आईची एकच इच्छा आहे. आपल्या दारात एकदा आहार व्हावा. ह्या घरात तो एकदाच झालता, आजी असताना, आणि त्या दिवशी आई माहेरी माझ्या वेळच्या बाळंतपणाला गेलेली. त्याला एक्कावन्न वर्षं झाली. सगळा जन्म ह्या घरात राबली आणि नेमकी तेव्हाच नव्हती. आता गुडघे गेलेत. पुढचा चातुर्मास इथं कधी आणि तेव्हा मी असणार का, असं ती म्हणते आणि आम्ही विषय बदलतो.

आहार दिला की महाराज नियम देतात. काहीतरी सोडायला सांगतात. आमच्या गल्लीतल्या एकाला मागं तंबाखू सोडायला लावली, तो अजून चिडचिड करत असतो. मला व्यसन नाही. सोडण्यासारखं काही नाही.

१३ जुलै, रविवार

सहाला व्हॅन काढली, साडेसातला बेळगावात. पन्नास मीटरवर, पालथं पडून, दहा गोळ्यांत शंभरपैकी एक्क्याण्णव. पाऊस नव्हता, वारा डावीकडनं बारीक. रायफल अशी चालली की बस्स.

आप्पांची ही रायफल, पॉइंट टू टू, बोल्टची. आप्पा म्हणजे माझे वडील, तवनाप्पा पाटील. गावची पाटीलकी गेली तरी पाटलाच्या घरात बंदूक असायची म्हणून असायची. आप्पांनी जन्मात एक पाखरू मारलं नाही. उसात डुकरं शिरली की आभाळाकडं एक बार काढायचे, पुन्हा पुसून ठेवायचे. त्यांच्या माघारी वारसानं लायसन माझ्या नावावर झालं. पोलीस ठाणं, डीसी ऑफिस, डॉक्टरचा दाखला, सहा महिने फेऱ्या मारल्या. मी निशाण्याच्या कागदाशिवाय कशावर कधी झाडली नाही आणि झाडणार नाही.

घरी येऊन साफ केली. बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढायचा, मागच्या बाजूनं पितळेची सळई घालायची, आधी ब्रश, मग चिंधी, चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत. शेवटी तेलाचा हात. ह्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारलेली आवडत नाही.

महाराज तिन्ही दिवस पुढच्या गल्लीत थांबले. आई म्हणाली, "उद्या हाईस का घरात?" म्हटलं, सोमवार आहे, दुकान आहे.

३० जुलै, बुधवार

बायको, त्रिशला, चार दिवस बाजूला बसलीय, तिला चौक्यात जाता येत नाही. आईनं एकटीनं स्वयंपाक करून एकटीनं कलश धरला. मी सव्वानवालाच निघालतो. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान साडेनवाला उघडतं, खेड्यातली माणसं सकाळच्या एसटीनं जळकी मोटर घेऊन येतात, दार बंद दिसलं की दुसरीकडं जातात. आज कुणी आलं नाही. दोनदा पेपर वाचला.

१० ऑगस्ट, रविवार

चौऱ्याण्णव! नागेंद्रनं पाठीवर थाप मारली. सप्टेंबरच्या एकवीसला क्लबची मॅच आहे, नाव दिलं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कशात तरी नंबर येईल असं पहिल्यांदाच वाटतंय. हे इथंच लिहितो, बाहेर बोललो तर हसतील.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं झालं." मग म्हणाली, महाराज आज आपल्या दाराम्होरं क्षणभर रेंगाळलते. मी म्हटलं, मग? "मग गेले," म्हणाली.

८ सप्टेंबर, सोमवार

दशलक्षण पर्व संपलं. दहा दिवस रायफलीला हात लावला नव्हता. आज क्षमावाणी, एकमेकांच्या घरी जाऊन वर्षभरात मन दुखावलं असेल तर माफी मागायची. शेजारच्या अक्काताई आल्या. हात जोडून म्हणाल्या, "सन्मती, तुझ्या बंदुकीवरनं बस्तीत काय बोललो असलो तर क्षमा कर बाबा."

मी म्हटलं, काय बोललात?

"तेच की. घरात हत्यार असल्यावर म्हाराज कसे थांबतील म्हनलं. मी एकटीच न्हाय, समद्याच म्हणत्यात. पर मी आपली माफी मागतो."

म्हणजे मला ठाऊकच नव्हतं ते सांगून मग माफी मागितली! आता मन दुखलं ते दुखलंच. आई तिथंच बसलेली, काही बोलली नाही, अक्काताईच्या हातावर खडीसाखर ठेवली. तिच्या गप्प बसण्यावरनं मी काय समजायचं ते समजलो. तिच्याही मनात तेच असणार. मला कसं सांगायचं म्हणून सांगत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

विचार केला. रायफल काय पाप नाही. लोखंड आणि अक्रोडाचं लाकूड. पण चामड्याचा पट्टा आहे खरा. चौक्यात कमरेचा पट्टासुद्धा चालत नाही आणि माझ्या कपाटात हातभर कातडं लोंबतंय! काढला. जुन्या बॅगेचा नायलॉनचा पट्टा शिवून घेतला. मनावरचं ओझं उतरलं.

आईला दाखवला. "बरा हाय," म्हणाली. "उद्या सकाळी हाईस का?"

११ सप्टेंबर, गुरुवार

एक भानगड मिटवली की दुसरी. संध्याकाळी गोळ्यांची डबी आवरून तसाच दिवस बुडायच्या आत जेवायला बसलो. त्रिशलानं विचारलं, बोटाला काय चिकटलंय? गोळीच्या शिशावर पातळ थर असतो, तेच. ती म्हणाली, कशाचा थर? मला सांगता येईना. नागेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "मेण असतंय. काहीजण चरबी घालत्यात म्हणत्यात, मला नक्की ठावं न्हाय."

त्रिशलानं कपाळावर हात मारला. "चरबी असली तर संपलंच. आणि मेण म्हंजे पोळ्यातलंच न्हवं? आपण मधाचं बोट कधी लावून घेत न्हाय, आणि तुम्ही मेणाचा हात भाकरीला लावताय!"

तिचं बरोबर आहे. सहा वर्षं मी हे हातात घेतोय आणि एकदाही मनात आलं नाही. ताटावरनं उठलो, हात राखेनं घासले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे डोकं चाललं. मेण पुसायचं आणि त्या जागी शुद्ध काहीतरी लावायचं. ग्रीस चालत असेल, पण त्यात काय असतं कुणास ठाऊक. खोबरेल पातळ. मग घरचं तूप आठवलं! आईनं कढवलेलं, गाळलेल्या पाण्याच्या घरातलं, ह्याच्यापेक्षा शुद्ध जगात काय आहे? पन्नास गोळ्या धोतराच्या चिंधीनं एकेक पुसल्या, शिशाला तुपाचं बोट लावलं, पुन्हा डबीत. दीड तास लागला. हे कुणाला सुचलं नसेल.

१४ सप्टेंबर, रविवार

लिहायला लाज वाटते.

पहिल्या पाच ठीक. दहाव्या गोळीला बोल्ट जड उचलायला लागला. विसाव्याला रेंजभर वास सुटला. नागेंद्र तीन माणसं ओलांडून आला, नाक वर करून. "एनु, काय रं सन्मती, चपाती भाजालायस काय रायफलीत?"

मी खरं सांगितलं. तो हसला नाही, ह्याचंच वाईट वाटलं. बोल्ट काढायला लावला, मागनं नळीत बघितलं. म्हणाला, ते मेण शोभेला नसतंय. शिसं मऊ, मेण नसलं की नळीच्या आट्यांत खरवडून बसतंय, मग पुढची गोळी वाकडी जात्या. तुझ्या नळीत आता शिशाचा मुलामा बसलाय वर फोडणी. शेवटच्या दहात अडुसष्ट आले. कागदावर भोकं अशी की कुणी मूठभर फेकून मारलीत.

दमून घरी आलो, साफ केली नाही. तशीच कपाटात ठेवली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुकानातनं आल्यावर कपाट उघडलं. दाराच्या फटीतनं लाल मुंग्यांची रांग, खालच्या कप्प्यातनं वर, दस्त्यावरनं चढून थेट नळीच्या तोंडात. तूप! दिवा धरून बघितलं तर नळी आतनं हलत होती.

सळई हातात होती. एकदा आत सारली की काम झालं असतं, आणि किती जीव गेले असते ते मोजताही आलं नसतं. सळई खाली ठेवली. त्रिशला म्हणाली, फुंकर मारा. मारली. मुंग्या आणखी आत गेल्या. कसला नेमबाज नि कसलं काय, मुंगीनं दाती तृण धरायला लावलं.

एवढ्यात आई भिंत धरत आली. डोळा बारीक करून नळीत बघितलं. म्हणाली, "सळई घालू नगंस. बाहेर आण ती. सोप्यात ठेव सावलीला, तोंड खाली करून. जातील आपापल्या."

म्हटलं, कधी जातील? रविवारी मॅच आहे.

"त्यांस्नी काय ठावं तुझी मॅच?"

१८ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस आई दारालगतच्या सोप्यात चटई टाकून रायफलीजवळ बसून आहे. बोल्ट मी काढून कपाटात कुलपात ठेवलाय, तरी बंदुकीशेजारी म्हातारी म्हणजे कुणी बघितलं तर काय म्हणेल. नळीच्या तोंडापाशी गुळाचा बारीक खडा ठेवलाय, तिथनं पायरीपर्यंत गुळाचा चुरा. सकाळी चौका, दहाला दारात कलश, महाराज गेले की इथं. त्रिशला सांगत होती, मधनंच आई नळीला हात लावून बघतात आणि पदरानं पुसतात. मी म्हटलं, पुसू नको म्हणावं, घामानं गंज धरतो.

संध्याकाळी आलो तर म्हणाली, "झालं. शेवटच्या दोन आत्ता गेल्या. एक लंगडी हुती, तिला लई येळ लागला."

नळी साफ करायला घेतली. पहिली चिंधी काळी, दुसरी काळी, तिसरीवर चांदीसारखे कण, ते शिसं. पाणी लागल्यासारखा गंजाचा एक ठिपकाही दिसला. ब्रश मारून मारून खांदा भरून आला. चाळीस चिंध्या झाल्या आणि चाळिसावीही करडीच.

आई जवळच बसून होती. चिंध्या घडी करून देत होती. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार

मॅच. त्र्याहत्तर. सव्वीस जणांत बाविसावा. नागेंद्र म्हणाला, महिनाभर घासत राहा, येईल ताळ्यावर. मी हो म्हटलं. येताना संकेश्वरजवळ व्हॅन कडेला घेतली आणि थोडा वेळ नुसता बसलो. रडलो म्हणत नाही, पण डोळ्यात पाणी आलं. एवढं काय त्यात, असं स्वतःला विचारलं. 

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. महाराज आज अक्काताईच्या दारात थांबले. बँड लावल्यासारखा आवाज झाला. ज्यांचे शुद्धीचे कपडे होते त्यांना आत जाऊन आहार देता आला. आईला सगळे म्हणाले, चला आजी, तुम्हीपण द्या. ती म्हणाली, "माझ्या दारात आलं की देतो." हट्टी आहे.

अक्काताई सगळं आटोपल्यावर आमच्या कट्ट्यावर आल्या आणि नुसत्या माझ्याकडं बघून हसल्या.  क्षमावाणीला अकरा महिने आहेत अजून.

माझं ठरलं. आईच्या आयुष्यातली एकच इच्छा आणि मी मध्ये धोंड होऊन बसणार? बंदूक घरात नको.

८ ऑक्टोबर, बुधवार

दिली. विकली नाही, बेळगावातल्या हत्यारांच्या दुकानदाराकडं ठेवून आलो, लायसनधारकांची हत्यारं ते पावती करून सांभाळायला ठेवतात. काउंटरवर ठेवताना दुकानदार म्हणाला, नळीत शिसं आहे. म्हटलं, माहीत आहे. त्यानं कापडात गुंडाळली. मी म्हटलं, तेलाचं बोट तेवढं महिन्याला एकदा फिरवा. "सगळेच असं सांगतात," म्हणाला.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं तिच्या तोंडावर आनंद दिसेल. ती म्हणाली, "का दिलीस?"

"तुझ्यासाठी."

"मी म्हनलं हुतं?"

"तू म्हणणार नाहीस म्हणूनच."

तिनं मग तांदळाचं सूप पुढं ओढलं. थोड्या वेळानं, "उद्या तरी हाईस का?" उद्या कोल्हापूरला तांब्याची वायर आणायला जायचं होतं. ते सांगितलं. जाणं काही अगदीच अडलेलं नव्हतं, पण ठरवलेलं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सवयीनं पाचला जाग आली. काय करायचं कळेना. व्हॅन काढून बेळगावला गेलो आणि हात हलवत रेंजवर उभा राहून लोकांचं बघितलं. नागेंद्र म्हणाला, "बायको माहेरी गेलेल्या माणसासारखं तोंड झालंय तुझं." कुणीतरी आपली रायफल देऊ केली, घेतली नाही.

महाराज आजही थांबले नाहीत. बंदूक जाऊन चार दिवस झाले! आता काय म्हणतात अक्काताई, विचारायला पाहिजे. मला राग आला, कुणावर ते सांगता येत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आईचा उजवा गुडघा गुरुवारपासून कोहळ्यासारखा सुजलाय. डॉक्टरनं उभं राहायचं नाही म्हणून बजावलं. त्रिशला कालपासून बाजूला. आणि उद्या शेवटचा दिवस, परवा चतुर्दशीचा महाराजांचा उपवास, मग चातुर्मास उठला. आई म्हणते, मी उभी राहणार. बसून पडगाहन, म्हणजे महाराजांना दारात बोलावणं, होत नाही. "धरायला कोन तरी पायजे," म्हणाली, आणि भिंतीकडं बघितलं.

उद्या रविवार. दुकान बंद, रेंज नाही. म्हटलं, मी मोकळाच आहे, मी धरतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

सगळं नीट लिहितो.

अक्काताई पहाटेच आंघोळ करून, शुद्धीचे कपडे नेसून आल्या आणि आईच्या हाताखाली स्वयंपाक केला. बोलावलं नव्हतं. मी विहिरीवरनं पाणी शेंदून आणलं, गाळून दिलं. मला धोतर नेसता येईना, आईनं बसल्या बसल्या निऱ्या घालून दिल्या. पावणेदहाला दारात उभे राहिलो. कलश माझ्या हातात, नारळ आईच्या. दुसरा हात मी तिच्या काखेत घातला. तिचं वजन एवढं कमी झालंय हे मला माहीत नव्हतं. काही वजनच नाही.

महाराज गल्लीच्या टोकाला दिसले. कमंडलू, मोरपिसांची पिंछी, उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवलेली. दारोदारी हाका सुरू झाल्या. आईनं सुरू केलं, नमोस्तु महाराज, नमोस्तु, नमोस्तु, इथं थांबा, इथं थांबा. तिचा आवाज फुटेना म्हणून मी मोठ्यानं म्हणालो. महाराज आमच्या दारापुढनं गेले. तीन पावलं पुढं गेले. आणि मागं वळून थांबले.

आई ओरडलीच. मी तिला धरून तीन प्रदक्षिणा घातल्या, म्हणजे जवळजवळ उचलूनच. पाट, पाय धुणं, पूजा, सगळं अक्काताई मागनं सांगत होत्या तसं. आहाराला महाराज उभे राहिले, ओंजळ पुढं केली. पहिलं पाणी आईनं दिलं. मी तिच्या कोपराखाली हात धरला. थेंब सांडला नाही. मग दूध, भात, मुगाची आमटी. तिच्या डोळ्यातनं धारा लागलेल्या आणि त्या आहारात पडू नयेत म्हणून मान एकीकडं वळवून देत होती. मी पण रडत होतो. अंतराय, म्हणजे विघ्न, न येता आहार पूर्ण झाला.

मग महाराज पाटावर बसले. सोप्यात माणसं मावेनात. महाराज माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही ह्यांचे चिरंजीव? आजी रोज दिसतात. तुम्हाला पाहिलं नाही."

"दुकान असतं महाराज. मोटर वाइंडिंगचं. सकाळी गिऱ्हाईक असतंय."

"मी पण शेतकऱ्याच्याच घरातला आहे," महाराज म्हणाले. "पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारी चालतच नाहीत, तर जळतात कशा?"

सोप्यातली माणसं हसली. मी खाली बघितलं. महाराज हसले नव्हते. विचारलं, "किती दिवस उभे होता दारात?"

"आज पयलाच."

"आणि आजी?"

आईनं लगेच सांगितलं, "आपल्या उपवासाचे तेरा दिस सोडून अठ्ठ्याऐंशी."



नियमाची वेळ आली तेव्हा माझं सगळं तयार होतं. हात जोडून म्हटलं, महाराज, माझ्याकडं एक रायफल आहे, ती मी घरातनं काढली, तिचा कायमचा त्याग करतो. महाराजांनी विचारलं, केव्हा काढली? म्हटलं, अकरा दिवस झाले. "मग ती तर गेलीच आहे. गेलेलंच परत काय देता? हातात घट्ट धरलेलं काहीतरी सांगा."

मला काही सुचेना.  शेवटी म्हणालो, दुकान. रोज साडेनऊ ते साडेदहा दुकान उघडणार नाही. घरी आईपाशी बसेन. कसं तोंडातनं आलं कुणास ठाऊक. महाराजांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला.

सगळे गेल्यावर विचार करत बसलो, आज विधी कसा काय मिळाला? नारळ रोजचाच. कलश तोच. आईचं पातळही तेच. त्रिशला नव्हती, पण ती तर मागंही चार-चार दिवस नव्हती. बंदूक नव्हती, पण अकरा दिवस नव्हतीच. काही केल्या छडा लागत नाही. त्रिशलाला विचारलं, ती दारातनंच म्हणाली, "तुम्हाला कळंल तवा सांगा मला पण."

२३ ऑक्टोबर, गुरुवार

महाराजांचा विहार झाला, पुढच्या गावाला गेले. दिवाळी आटोपली. आज दुकान उघडायचा पहिला दिवस, म्हणजे नियमाचाही पहिला.

साडेनवाला आईसमोर जाऊन बसलो. ती तांदूळ निवडत होती. दोघांनाही काय बोलायचं कळेना. पावसाचं बोललो, गुडघ्याचं बोललो, पाच मिनिटांत संपलं. एक तास केवढा मोठा असतो! मी घड्याळाकडं बघत होतो आणि मी बघतोय हे ती बघत होती.

मग म्हणाली, "ती बंदूक उडती कशी रं? मुंग्या बसल्यावर दोन दीस जवळ हुतो, आत कायच दिसलं न्हाय. नुसतं भोक."

मला आजवर हे कुणी विचारलेलं नाही. आप्पांनी मला कधी सांगितलं नाही, त्रिशलानं कधी विचारलं नाही. लाटणं आणलं. म्हटलं, हा बोल्ट. आधी असा उचलायचा, मागं ओढायचा, गोळी वर येते, पुढं ढकलायचा, खाली पाडायचा, आता बंद. नळीच्या आत आटे असतात पिळाचे, त्यानं गोळी फिरत जाते म्हणून सरळ जाते. तांदळाचा दाणा गोळी म्हणून दाखवला. श्वास सोडून मध्येच थांबायचं, मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत, आणि घोडा ओढायचा नाही, नुसता दाबत न्यायचा. आईनं लाटणं हातात घेतलं आणि करून बघितलं. उचललं, ओढलं, ढकललं, पाडायचं विसरली. मी म्हटलं, बोल्ट उघडा राहिला. पुन्हा केलं, बरोबर केलं.

"आणि एवढं समदं करून मारतोस काय?"

"कागद."

"कागद?"

"व्हय."

"नुसता कागद?"

"मधी काळा गोल असतो."

ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, हलून हलून, सुपातले तांदूळ सांडेपर्यंत. ठसका लागला, पाणी दिलं, पाणी पिऊन पुन्हा हसली. मलाही हसू आवरेना. त्रिशला आतनं बघायला आली काय झालं म्हणून. आई म्हणाली, "रविवारी जा नि घिऊन ये ती. लोकाच्या घरात कोन तिचं करतंय?" म्हटलं, आणि आहार? "त्यो झाला की आता."

साडेदहा झाले. उठून चप्पल घालत होतो तर आतनं हाक मारून म्हणाली, "उद्या परत सांग रं त्या बोल्टाचं. मी इसरतो."

हल्ली तिला विसरायला होतं. डॉक्टरांना एकदा विचारलं पाहिजे.